घेताना गुंतवणूक, विकताना आठवण: पुण्यातल्या एका कार्डसंग्रहाचं प्रकरण

मी पोस्टाची तिकिटं जमवतो, कार्डं नाही. तरी पोकेमॉन या कार्टूनच्या कार्डांचं हे प्रकरण माझ्याकडे आलं. एक तर या घराशी ओळख जुनी. शिवाय बत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढल्यामुळे दुसऱ्याचा हिशोब उलगडून बसायला मला संकोच वाटत नाही. नावं गाळली आहेत. मुख्य माणसाला इथे ‘दादा’ म्हणतो, कारण त्याची बहीण (इथे ‘ताई’) त्याला तेच म्हणते. रकमा पाचशेच्या पटीत घेतल्या आहेत. घरच्यांनी मजकूर वाचला, ताईने दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या.

पार्श्वभूमी

दादाचा जन्म १९९० चा. अरण्येश्वरच्या बाजूला आंबिल ओढ्यापासून जवळच तळमजल्यावर दोन खोल्या. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला. त्या वयाच्या पुण्यातल्या पोरांकडे असायचं ते सगळं याच्याकडे होतं: च्युइंगगममधून निघालेली क्रिकेटची कार्डं, कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं, वेफर्सच्या पाकिटातल्या टॅझो नावाच्या चकत्या. ट्रम्प कार्डांचा खेळ ज्यांना आठवतो त्यांना सांगायला नको. उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती, किती जिंकल्या. आकडा मोठा असेल त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं.

२००० च्या डिसेंबरात मावशी अमेरिकेहून आली. तिच्या मुलाला कंटाळा आलेली साठ-सत्तर पोकेमॉन कार्डं तिने एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. हा खेळ जपानात १९९६ मध्ये निघाला आणि १९९९ च्या जानेवारीत इंग्रजीत आला. त्या पहिल्या इंग्रजी संचात १०२ कार्डं होती आणि मावशीच्या पिशवीतली बरीचशी त्यातलीच. पण पुण्यात २००० साली पोकेमॉन कुणाला माहीत? आपल्याकडे टीव्हीवर ती कार्टून मालिका लागली २००३ मध्ये. नियमांचा कागद मावशी विसरलेली. मग पोरांनी आपल्या परीने वाट काढली. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात ‘एचपी’ म्हणून एक आकडा असतो, तोच धरून ट्रम्प कार्डांसारखं खेळायचं. चारिझार्ड नावाच्या नारिंगी ड्रॅगनचे १२०. तो सगळ्यांना हरवायचा. फक्त चान्सी नावाच्या गुलाबी, पोटाशी अंडं धरलेल्या बाईचेही १२० होते. तिथे बरोबरी. चान्सी ताईची.

कुणी ढापू नये म्हणून दादाने प्रत्येक कार्डाच्या मागे बॉलपेनने आपलं नाव आणि ‘पाचवी ब’ लिहिलं. गठ्ठ्याला रबरबँड लावला. गठ्ठा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणि डबा माळ्यावर.

२००१ मध्ये दादाने चारिझार्ड इमारतीतल्या एका मुलाला दिला आणि त्याच्याकडून कुस्तीगीरांचा अख्खा संच घेतला. दोघंही खूश. हा सौदा लक्षात ठेवा, पुढे याची किंमत बेचाळीस हजार होणार आहे.

मधली अठरा वर्षं सोडून देतो: शिक्षण, हिंजवडीची नोकरी, लग्न. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला आणि आंबिल ओढा पात्र सोडून वस्तीत शिरला. त्या रात्री माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या खेळण्यासारख्या वाहिल्या. यांच्या घरात कमरेइतकं पाणी. फ्रिज, गाद्या, कपाटातले कागद, आईचं शिवणयंत्र, सगळं चिखलात. माळ्यावरचं तेवढं कोरडं राहिलं. चार दिवसांनी माळा खाली उतरवताना तो डबा निघाला.

सगळं घर चिखलात असताना कोरडी निघालेली एक गोष्ट हातात आली की माणूस तिच्याकडे जरा जास्तच प्रेमाने बघतो. मी तेव्हा तिथे होतो, पंचनाम्याचे कागद भरायला मदत करत होतो. दादा पायरीवर बसून एकेक कार्ड उलटून बघत होता. चारिझार्ड त्यात नव्हता, अर्थात.

सहा महिन्यांनी टाळेबंदी लागली. जगभर लोक घरात बसून जुने डबे उघडू लागले, यूट्यूबवर पाकिटं फोडून दाखवू लागले आणि कार्डांचे भाव चढले. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीला गर्दी आणि मारामारीच्या भीतीने कार्डांची विक्री काही काळ थांबवावी लागली, इतका ज्वर. दादाने कार्डांच्या पाकिटांची पहिली सीलबंद पेटी घेतली ती डिसेंबर २०२० मध्ये.

नेमकी अडचण

२०२३ च्या मे महिन्यात या लोकांनी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. पुराची धास्ती होतीच, त्यात आईचे गुडघे आणि लिफ्ट. सगळं जमलं, पण स्वतःच्या हिश्शाच्या रकमेत तीन लाख कमी पडत होते आणि मुदत महिन्याची. दादा घरी शांतपणे म्हणाला, “कार्डांत चार लाख आहेत.”

बायकोने विचारलं, “घातलेत किती?”

“असतील दोन, सव्वादोन.”

कुठे लिहून ठेवलंय, या तिच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादाचा मला फोन. “काका, तुम्ही एकदा येऊन बघाल का? तुम्हाला तिकिटांचं कळतं म्हणजे...”

मी म्हटलं, तिकिटांचं कळतं म्हणून नाही, पण येतो. दोन रविवार लागले. बँकेची विवरणपत्रं, यूपीआयच्या नोंदी, कुरिअरच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपचे जुने संदेश समोर ठेवून आम्ही डिसेंबर २०२० पासूनचा खर्च वहीत उतरवला. नऊ सीलबंद पेट्या, १,०३,५००. सुटी महागडी कार्डं, १,१२,०००. एकटा चारिझार्ड, ४२,०००. कार्डं अमेरिकेला पाठवून त्यांना दर्जा लावून आणण्याचा, म्हणजे ग्रेडिंगचा खर्च मध्यस्थासकट ३८,५००. बाही (कार्डाचं पातळ पारदर्शक पाकीट), टॉपलोडर (तेच कडक प्लास्टिकचं), बाइंडर, डबे, १६,०००. आणि ‘ऑफिसमधून येताना एखादं’ म्हणून घेतलेली सुटी पाकिटं, ४७,०००.

बेरीज ३,५९,०००.

दादाच्या अंदाजापेक्षा दीड लाख जास्त. तो खोटं बोलत नव्हता. त्याला पेट्या आठवत होत्या, चारिझार्ड आठवत होता. सत्तेचाळीस हजारांची सुटी पाकिटं मात्र अजिबात आठवत नव्हती. कर्जाच्या टेबलावर हे रोज बघायचो. माणूस मोठा खर्च विसरत नाही, बारका लक्षात ठेवत नाही.

दादाची बायको चहा ठेवायला आत गेली आणि तिथूनच म्हणाली, “काका, घेताना हा मला प्रत्येक वेळी गुंतवणूक म्हणून सांगतो. आता विकायचं म्हटलं की एकेक आठवण निघते.”

या प्रकरणाचं निदान तिने त्या एका वाक्यात केलं. पुढचं सगळं मी त्याचा तपशील म्हणून लिहितो आहे. गुंतवणूक म्हणून घेतलं असतं तर वही असती, कुठल्या भावाला विकायचं ते आधी ठरलं असतं. हौस म्हणून घेतलं असतं तर महिन्याचा आकडा ठरला असता आणि तो गेला असं समजून पुढे गेला असता. यातलं काहीच नव्हतं.

आधीची वळणं

पर्यायांकडे जाण्यापूर्वी मागचे तीन निर्णय बघायला हवेत, कारण खरं नुकसान तिथे झालं.

पहिला, पेट्या फोडण्याचा. एका पेटीत छत्तीस पाकिटं, एका पाकिटात दहा कार्डं. दादाने नऊपैकी पाच पेट्या फोडल्या. अठराशे कार्डं निघाली आणि त्यातली विकण्याजोगी चाळीससुद्धा नव्हती. उरलेली दोन बुटांच्या खोक्यांत. फोडायची की ठेवायची हे कधी ठरवूनच झालं नाही. शुक्रवारी रात्री मन झालं की फोडायची. त्यातल्या दोन पेट्या ‘इव्हॉल्व्हिंग स्काइज’ नावाच्या, ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या संचाच्या होत्या. तिसरी तेवढी न फोडता राहिली. तिच्याबद्दल पुढे.

सीलबंद ठेवलेलं सगळं वर जातं, हा समज मात्र मला तिकिटांमुळे लगेच ओळखीचा वाटला. सत्तर-ऐंशीच्या दशकात आमच्यातले कित्येक जण पोस्टाच्या खिडकीवर रांग लावून प्रत्येक नव्या तिकिटाचे पूर्ण ताव आणि प्रथम दिवस आवरणं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का मारलेली पाकिटं घेत. मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील म्हणायचे. मुलींची लग्नं झाली, नातवंडं कॉलेजात गेली, त्यातली बहुतेक आवरणं आजही कुणी विचारत नाही. कारण सगळ्यांनीच जपून ठेवली. दादाला मी अमेरिकेचीच गोष्ट सांगितली. टॉप्स कंपनीची १९५२ ची बेसबॉल कार्डं न खपता गोदामात पडून राहिली, म्हणून १९६० मध्ये ती अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवली. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. बुडालं, आयांनी रद्दीत घातलं, पोरांनी सायकलच्या चाकात अडकवलं, म्हणून ते दुर्मीळ. उलट पोकेमॉनची कंपनी स्वतःच सांगते की मार्च २०२२ पर्यंत तिने एकूण ४,३२० कोटी कार्डं छापली होती आणि पुढच्याच वर्षी हा आकडा ५,२९० कोटींवर गेला. एका वर्षात ९७० कोटी, आणि घेणारा प्रत्येक जण पहिल्या मिनिटाला ती बाहीत घालतो.

दुसरा निर्णय, साठवणुकीचा. पुरात घर गेल्याचा धसका होता, म्हणून जुलै २०२१ मध्ये दादाने सगळी चांगली कार्डं रबरी कडेच्या हवाबंद डब्यांत भरली. पाण्याचा थेंब आत जाणार नाही! पण भर पावसाळ्यात डबा बंद केला की पावसाळी हवा आतच राहते. चकाकणाऱ्या कार्डात एका बाजूला धातूसारखा पातळ थर आणि मागे कागद. कागद ओल शोषतो आणि फुगतो, तो थर शोषत नाही, मग कार्ड वाकतं. नोव्हेंबरात डबे उघडले तेव्हा तीसेक कार्डं भाजलेल्या पापडासारखी झाली होती. सिलिका जेलची पुडी दहा रुपयांची. डबा भरायला ऑक्टोबरची कोरडी हवा फुकट होती.

तिसरा निर्णय चारिझार्डचा, त्यावर थोडं थांबतो.

चारिझार्ड

फेब्रुवारी २०२१. भाव शिखराच्या आसपास. एका व्हॉट्सॲप गटावर परगावच्या एका विक्रेत्याने १९९९ च्या संचातला चारिझार्ड काढला, १०२ पैकी ४ नंबर. प्लास्टिकच्या बाहीतले चार फोटो. आज रात्रीपर्यंत पैसे, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. दादाने रात्री साडेअकराला बेचाळीस हजार पाठवले. बायकोला सकाळी सांगितलं: गुंतवणूक.

कार्ड आलं, छान दिसत होतं. त्याने ते आणखी तेरा कार्डांबरोबर मध्यस्थाकरवी ग्रेडिंगला पाठवलं. तिथे छपाई मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग बघून दहापैकी आकडा देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये बंद करतात. त्या काळात सगळीकडेच ढीग साचले होते. या क्षेत्रातल्या पीएसए या सर्वांत मोठ्या कंपनीने मार्च २०२१ मध्ये आपल्या बहुतेक सेवांसाठी नवी कार्डं घेणंच थांबवलं होतं. दादाच्या मध्यस्थाने दुसरीकडे पाठवली. आज-उद्या करत चौदा महिने गेले. परत आली तेव्हा अकरा कार्डांना आकडे होते, दोन ओलीने वाकलेली म्हणून दर्जा न लावता, आणि चारिझार्ड आकड्याशिवाय. शेरा: कडा कापल्याचा पुरावा.

दादाचा विश्वास बसला नाही. कंपनीला काय कळतंय, म्हणाला. मग वडील उठले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांचा व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचा अंशही मोजणारं मापयंत्र, कपाटात मलमलच्या फडक्यात असतो. पुराच्या रात्री त्यांनी पासबुकाच्या आधी तो उचलला होता, हे आईने अजून माफ केलेलं नाही. त्यांनी डब्यातली जुनी चार कार्डं मोजली: रुंदी ६३ मिलिमीटर, उंची ८८, केसभर इकडेतिकडे. मग चारिझार्ड. उंची ८७.१.

“छपाईच्या कारखान्यात एवढा फरक पडत नाही का?” मी विचारलं.

“पडेल की. पण मग कड अशी नसते.” त्यांनी कार्ड आडवं धरून खिडकीकडे केलं. “जुन्या कार्डाची कड थोडी झिजते, पांढरी होते. ही कालची वाटते. ब्लेडने घेतलीय.”

कार्ड नकली नव्हतं. मी भिंगाखाली बघितलं, छपाईचे ठिपके डब्यातल्या कार्डांसारखेच. खरं कार्ड, पण झिजलेली कड तासून नवी केलेली. असं करणं नवं नाही. तंबाखूच्या पाकिटातून १९०९ ते १९११ च्या दरम्यान निघालेलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं एक कार्ड वर्षानुवर्षं सर्वांत सुस्थितीतलं म्हणून मिरवलं आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकलं गेलं. ते आपणच कापलं होतं अशी कबुली पूर्वी ते विकणाऱ्या लिलावदाराने २०१३ मध्ये दिली. दादाचा विक्रेता तोवर गट सोडून गेला होता.

घेण्याआधी फुटपट्टी शेजारी ठेवून बाहीबाहेरचा फोटो मागितला असता, तर हे टळलं असतं का? बहुतेक. पण ती फोटो मागण्याची रात्र नव्हती. दादाला कार्ड नको होतं, २००१ चा सौदा परत फिरवायचा होता.

म्हणून मी त्याला एक प्रश्न विचारला, आणि तो आधी कुणी विचारला नव्हता याचं मला अजून नवल वाटतं. “तो मूळ चारिझार्ड तू दिला नसतास, आज डब्यात असता, तर कसा असता?”

“म्हणजे?”

“मागे काय लिहिलं असतं?”

तो गप्प बसला. मागे बॉलपेनने नाव आणि ‘पाचवी ब’ असतं. कडेला रबरबँडची खाच. पोरांनी शंभरदा फेकून मारलेला. बाजारात त्याच्यासाठी बेचाळीस हजारांच्या जवळपासही कुणी गेलं नसतं. वीस वर्षं तो ज्या नुकसानाची हळहळ करत होता ते नुकसान झालंच नव्हतं. यूट्यूबवर दिसायचा तो काचेसारखा स्वच्छ चारिझार्ड त्याच्याकडे कधीच नव्हता.

समोरचे पर्याय

जूनमध्ये चार मार्ग होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने फोटो बघून सगळ्याचे मिळून १,३०,००० सांगितले, दोन दिवसांत रोख. सुटंसुटं विकलं तर आमच्या अंदाजाने २,४०,००० पर्यंत, पण त्याला पाच-सहा महिने आणि शेकडो ‘भाऊ लास्ट किती?’ तिसरा, काही न विकता वैयक्तिक कर्ज. चौथा मिश्र: लवकर विकलं जाईल ते महिन्याभरात सुटं, राहील ते व्यापाऱ्याला, कमी पडेल तेवढं उधार.

कर्जाला मी विरोध केला. मला त्या वेळी तो साधा हिशोब वाटला: कार्डं घरात पडून व्याज देत नाहीत, कर्ज व्याज घेतं. दादाचं म्हणणं होतं की भाव परत येतील, थांबूया. त्याची बायको म्हणाली, थांबायचं तर फ्लॅटही थांबेल. मिश्र मार्ग ठरला.

एक रात्र मात्र वेगळी गेली. व्यापाऱ्याने चारिझार्डचे पंधरा हजार देऊ केले, अट एवढीच की ग्रेडिंगचा शेरा कुठे लिहायचा नाही, कार्ड ‘जसं आहे तसं’. पुढे तो कुणाला विकेल, कसं सांगून विकेल, ते त्याचं तो बघेल. दादा म्हणाला, मलाही असंच कुणीतरी विकलं ना? दहा वाजता तो तयार होता. अकराला वडील म्हणाले, “कापलेलं आहे असं लिहून विक, येतील ते घे.” लिहून विकायला निघाल्यावर सहा हजारांच्या वर कुणी आलं नाही. शेवटी विकलंच नाही. यात कुणाचा मोठेपणा नाही, सहा हजारांसाठी विषय परत काढायचा कंटाळाही होता.

काय केलं

ग्रेडिंगच्या अकरांपैकी नऊ कार्डं गेली, ६६,००० आले. दोन तशीच राहिली. इथे एक हिशोब कळला तो आधी कळायला हवा होता. अकरांत दहाचा आकडा एकालाच होता, सात नऊ आणि तीन आठ. नव्या काळातल्या कार्डाला नऊ मिळाले तर ते साधारण न पाठवलेल्या कार्डाच्याच भावात जातं. म्हणजे दर कार्डामागे गेलेले पावणेतीन हजार पाण्यात. पाठवण्याआधी भिंगाखाली धरून ‘याला दहा मिळतील का’ एवढं स्वतःला विचारलं असतं तर चौदांऐवजी तीन-चार गेली असती.

फोडायच्या राहिलेल्या चार पेट्यांपैकी तीन नऊ-नऊ हजारांना गेल्या, खरेदीपेक्षा कमी. चौथी इव्हॉल्व्हिंग स्काइजची. साडेदहा हजारांची पेटी एकवीस हजारांना, संदेश टाकल्यावर चाळीस मिनिटांत. आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला! सुटी कार्डं व्यापाऱ्याने चौतीस हजारांत घेतली.

एकूण १,४८,०००. कमी पडले १,५२,०००. त्यासाठी दादाच्या बायकोच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या. तिने त्या काढून देताना एक शब्दही काढला नाही, आणि दादा सांगतो की या सगळ्या प्रकरणात त्याला सर्वांत जड गेलेली गोष्ट ती होती. पाटल्या २०२४ च्या सप्टेंबरात सुटल्या.

बुटांच्या खोक्यांतली उरलेली कार्डं सोसायटीतल्या मुलांना वाटली. ती मुलंही एचपीचा आकडा बघूनच खेळतात. नव्या कार्डांवर तीनशेच्या वर आकडे असतात. दादाने त्यांना मोठ्या कौतुकाने डब्यातली जुनी कार्डं दाखवली, तर एक म्हणाला, “फक्त साठ?”

कुठे वेगळं करता आलं असतं

माझ्यापासून सुरू करतो. इव्हॉल्व्हिंग स्काइजची पेटी आधी विकणं ही चूक होती आणि ती मी सुचवली होती. पुढच्या दोन वर्षांत तिचा भाव आम्हाला मिळाला त्याच्या कित्येक पटींवर गेला. हे असं होणार हे मला माहीत असणं शक्य नव्हतं, तो दोष मी घेत नाही. पण आम्ही ती का विकली? कारण ती पटकन जात होती. ज्याला मागणी ते आधी विकलं आणि ज्याला कुणी विचारत नव्हतं ती दोन आठची कार्डं जपली. शेअर बाजारातही लोक हेच करतात, नफ्यातलं विकून तोट्यातलं सांभाळतात, आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांना त्यावरून बोललो आहे. पाटल्या तशाही जाणारच होत्या, तर एकवीस हजार आणखी उचलून पेटी ठेवता आली असती. महिन्याची मुदत डोक्यावर असताना कुणाला सुचलं नाही. माझं वय आणि अनुभव बघता मला सुचायला हवं होतं.

दादाच्या बाजूने बघितलं तर सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती पहिल्या पेटीच्या दिवशी होती: एक वही. कार्डाचं नाव, तारीख, रक्कम आणि चौथ्या रकान्यात ‘कशासाठी’. चौथा रकाना भरताना जीभ अडखळली असती. शुक्रवारी रात्री फोडलेल्या पेटीपुढे ‘गुंतवणूक’ लिहिता येत नाही. ‘हौस’ लिहिलं असतं तर ती हौसच राहिली असती, आणि हौसेला मी कोण नाही म्हणणार? माझ्याकडे सहा बाइंडर तिकिटं आहेत, त्यांची किंमत मी कुणाला विचारत नाही.

ज्याच्याकडून घ्यायचं त्याला भेटता येत नसेल, तर परत करण्याची मुभा लेखी मागायची, इतकं साधं कलमही बेचाळीस हजारांच्या व्यवहारात नव्हतं. बँकेत वीस हजारांच्या टीव्ही कर्जाला आम्ही दोन जामीन मागायचो.

घरच्यांची बाजूही आहे. बायकोने अडीच वर्षं हिशोब विचारला नाही. ती म्हणते, पुरानंतर तो पहिल्यांदाच कशात तरी रमला होता, म्हणून विचारावंसं वाटलं नाही. याला मी चूक म्हणू धजत नाही.

निष्पन्न

नव्या घरात कार्डांचं एकच बाइंडर आहे. पानं पॉलिप्रॉपिलीनची, आत सिलिका जेल, बाइंडर उभं. पत्र्याच्या डब्यातल्या जुन्या कार्डांची भाऊबहिणीने वाटणी केली. ताईने ट्रम्प कार्डं नको म्हणून सांगितलं आणि चान्सी मागून घेतली. तिने फोटो पाठवून मला विचारलं, “काका, हिचे किती येतील?” मागे ‘पाचवी ब’ आहे, दादाच्या अक्षरात. फार नाही येणार, म्हटलं. “मग बरं,” म्हणाली, आणि मुलीच्या कंपासमध्ये ठेवून दिली.

कापलेला चारिझार्ड वडिलांच्या कपाटात व्हर्निअरशेजारी आहे. सोसायटीतल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना ते माप घ्यायला शिकवतात तेव्हा तो बाहेर निघतो.

दादा अजून घेतो, महिन्याला दोन पाकिटं. वही केली आहे. दिवाळीत फराळाला आला की फोन काढून मला विकलेल्या त्या इव्हॉल्व्हिंग स्काइजच्या पेटीचा आजचा भाव दाखवतो. यंदाही दाखवायला लागला. मी विचारलं, या महिन्याची पाकिटं वहीत टाकलीस का? म्हणाला, “टाकतो घरी गेल्यावर.” मी चकलीचं ताट पुढे सरकवलं.